एड्स : रोगाचे भय आणि लोकांचे भय



दिवाळी उलटली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या आणि तांडे रिकामे होऊ लागतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये बाजरीची पोती, पत्र्याची पेटी, कोपीसाठी बांबू, कोयते, एखादी शेळी आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली पोरंबाळं. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि पार कर्नाटकापर्यंत ही माणसे जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत मध्येच गाव गाठणे सोपे नसते.

अशाच एखाद्या पेटीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत, गोळ्यांची एक डबी दडवलेली असते. शेजारच्या कोपीतल्या बाईला ती दिसू नये, मुकादमाच्या कानावर काही जाऊ नये, म्हणून ही दडवादडवी. गोळी घ्यायची ती अंधारात. एखाद्या रात्री सगळी टोळी शेकोटीभोवती बसून राहते, आडोसा मिळत नाही आणि त्या दिवसाची गोळी चुकते. पुढे आणखी दोन चुकतात. मग डबी संपते. नवी आणायला आता बीडला कोण जाणार? ही डबी असते एचआयव्हीच्या औषधाची. ती डबी कशासाठी असते आणि तिला असे दडून का राहावे लागते, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. हा ऊसतोड कामगारांचा रोग नव्हे. तो व्यापाऱ्याला होतो, नोकरदाराला होतो, घरातून बाहेर न पडलेल्या गृहिणीला होतो. जात, धर्म, शिक्षण, पैसा यांपैकी तो काही विचारीत नाही. उदाहरण ऊसतोडीचे घेतले, ते सहा महिने घरापासून दूर राहणे ही आपल्या जिल्ह्याची रोजची गोष्ट आहे म्हणून.

आता हा रोग म्हणजे काय, ते पाहू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंशी झुंजणे हे त्यांचे काम. गावाला जसे जागले, तशा या शरीराच्या जागल्या पेशी. एचआयव्ही हा विषाणू नेमका या जागल्यांच्याच घरात शिरतो, तिथे आपली पिलावळ वाढवितो आणि त्यांचाच नाश करतो. हे एका दिवसात होत नाही. औषध न घेतल्यास साधारणपणे आठ-दहा वर्षे माणूस वरून धडधाकट दिसतो, नांगर धरतो, मोळ्या वाहतो. आतले जागले मात्र कमी होत जातात. शेवटी राखणच उरली नाही, की क्षयरोगासारखे रोग उघड्या दारातून आत येतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. म्हणजे एचआयव्ही हे विषाणूचे नाव आणि एड्स हे त्याने आणलेल्या शेवटच्या अवस्थेचे नाव. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो, असे मुळीच नाही. आणि वेळेवर औषध सुरू केले तर तो होऊही देता येत नाही.

हा विषाणू एका माणसातून दुसऱ्या माणसात जाण्याच्या वाटा चारच आहेत. विषाणू असलेल्या व्यक्तीशी निरोधावाचून आलेला शरीरसंबंध, ही पहिली. तपासणी न केलेले रक्त चढवणे, ही दुसरी. एकाने वापरलेली सुई दुसऱ्याला टोचणे, ही तिसरी. आणि आईकडून बाळाला – पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून – ही चौथी. पाचवी वाट नाही. एका ताटात जेवल्याने, एका हंड्याचे पाणी प्यायल्याने, हातात हात दिल्याने, शेजारी बसल्याने, खोकल्याने, एकाच संडासात गेल्याने हा विषाणू लागत नाही.

कुणी विचारील, "अहो, पण डासाचं काय? तो याचं रक्त पितो आणि त्याला चावतो की!" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की डास चावताना आपल्या अंगात सोडतो ती त्याची लाळ; आधी प्यालेले रक्त तो परत ओतीत नाही. शिवाय हा विषाणू डासाच्या पोटात वाढत नाही, तो पचून जातो. आणि साधा विचार करून पाहा. डासाने हा रोग पसरला असता, तर हिवताप पसरतो तसा तो घरातल्या म्हाताऱ्यांना आणि चार-पाच वर्षांच्या पोरांनाही सरसकट झाला असता. तसे कोठेही झालेले नाही.

या रोगाची पहिली नोंद झाली ती १९८१ च्या जून महिन्यात, अमेरिकेत. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यामागचा विषाणू शोधून काढला. आपल्या देशात तो १९८६ साली चेन्नईत प्रथम आढळला, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो शोधून काढला. पुढची दहा वर्षे मात्र अंधारातच गेली. परिणामकारक औषध नव्हते, म्हणून लोकांना सांगण्यासारखे एकच होते : हा रोग झाला की मरण. भिंतीभिंतींवर कवटीची चित्रे रंगली. ती भीती लोकांच्या मनात इतकी खोल रुजली, की पुढे औषध आले तरी ती उपटून निघाली नाही.

परिणामकारक औषध आले १९९६ च्या सुमारास. तीन औषधे एकत्र दिली, तर विषाणूची वाढ थोपते, असे आढळून आले. परंतु त्याची किंमत होती वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक. आपल्याकडच्या मोठ्या बागाईतदारालाही ते झेपणारे नव्हते. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने हीच तीन औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देण्याची तयारी दाखविली आणि जगभर खळबळ उडाली. त्यानंतर १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने हे औषध निवडक सरकारी रुग्णालयांतून मोफत देण्यास आरंभ केला. प्रथम ते केवळ प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना मिळे. २०१७ पासून मात्र तपासणीत विषाणू आढळला, की लगेच औषध सुरू करावे असे धोरण आहे. आज बहुतेक प्रौढांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. त्या एका गोळीत तीन औषधे असतात. आपल्याकडे बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ही सोय आहे. या उपचार केंद्राला एआरटी केंद्र म्हणतात.

ही गोळी काय करते, ते शेतकऱ्याला चटकन कळेल. हरळीचे रान आपण पाहिले आहे. खुरपणी करीत राहिलो, की रान स्वच्छ दिसते, पीक जोमाने येते. पण हरळीच्या काशा जमिनीत दडून राहतातच. खुरपणी सोडा, की महिन्याभरात हरळी पुन्हा रान व्यापते. एचआयव्हीचे तसेच आहे. औषधाने तो रक्तात जवळजवळ नाहीसा होतो. परंतु काही पेशींच्या आत दडून राहतो. तो समूळ उपटणारे औषध अजून हाती आलेले नाही. म्हणून गोळी जन्मभर घ्यावयाची. ज्याने वेळेवर औषध सुरू केले आणि ते चुकविले नाही, तो इतरांसारखे दीर्घ आयुष्य जगतो, शेती-नोकरी करतो, लग्न करतो, त्याला निरोगी मुले होतात.

आणि गोळी मध्येच सोडली, अधूनमधून घेतली, तर? कापूस पिकवणाऱ्याला बोंडअळीचा अनुभव आहेच. फवारणी अर्धवट, कमी मात्रेची झाली, की जी अळी वाचते ती त्या औषधाला सरावते. पुढच्या वेळी तेच औषध तिच्यावर चालत नाही. अर्धवट गोळ्यांनी विषाणूही असाच सरावतो. मग दुसरे औषध शोधावे लागते. कोपीतल्या अंधारात चुकलेली ती एक-एक गोळी म्हणूनच महागात पडते.

याच गोळीने आणखी एक मोठे काम केले आहे. पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. नऊ देशांत मिळून एक मोठा अभ्यास झाला, त्यात ही संस्थाही सहभागी होती. नवरा-बायकोंपैकी एकाला विषाणू आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी त्यात होती. २०११ साली निष्कर्ष जाहीर झाला : ज्यांना औषध लवकर सुरू केले, त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. नंतरच्या अभ्यासांनी तर असे दाखवून दिले, की नियमित औषधाने रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. ही गोष्ट गावोगाव सांगावी अशी आहे. गोळी नियमित घेणारा माणूस गावाला धोकादायक नाही. ज्याने भीतीपोटी तपासणीच केली नाही, त्याचाच धोका अधिक. आणि त्याला ती भीती घालणारे आपणच असतो.

आता बायाबापड्यांच्या वाट्याला येणाऱ्या एका मोठ्या अन्यायाविषयी बोलतो. प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात केली जाते, आणि ते योग्यच आहे. आईने औषध घेतले नाही, तर शंभरांतील पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होऊ शकते. आईने वेळीच औषध घेतले आणि जन्मल्यावर बाळालाही थेंब पाजले, तर हेच प्रमाण शंभरात पाचांच्याही खाली येते. परंतु यामुळे घडते असे, की घरात पहिली तपासणी होते ती सुनेची. तिच्या कागदावर एचआयव्ही निघाला, की सासर म्हणते, "हिनंच आणला." नवऱ्याची तपासणी झालेलीच नसते. कित्येकदा त्याला तो तिच्या आधी झालेला असतो आणि त्याच्याकडूनच तो तिच्यापर्यंत आलेला असतो. ज्याची तपासणी आधी, तो दोषी, हा कुठला न्याय? विहिरीत दोर आधी सोडणाऱ्याने पाणी गढूळ केले, असे आपण म्हणत नाही. अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे : नवऱ्याची तपासणी करावी, दोघांचे औषध सुरू करावे आणि सुनेला माहेरी पिटाळू नये. तिला हाकलले, तर औषधही तुटते आणि पोटातले बाळही धोक्यात येते.

शिक्षक बंधू-भगिनींशी मला थोडे निराळे बोलायचे आहे. आई-बाप या रोगाने गेले आणि मुले मागे राहिली, अशी कुटुंबे मराठवाड्यात पुष्कळ झाली. बीडजवळ पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे या दाम्पत्याने 'इन्फंट इंडिया' ही संस्था उभी केली आणि अशा मुलांना घर दिले. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातील हासेगाव येथे रवी बापटले यांनी 'सेवालय' सुरू केले. त्याच हासेगावी २००९ साली ही मुले शाळेत आपल्या मुलांच्या शेजारी बसणार म्हणून पालकांनी विरोध केला. आपली मुले शाळेत पाठविनात. प्रकरण सरकारपर्यंत गेले. आता विचार करा : त्या पालकांचे आपल्या मुलांवर प्रेम होते, म्हणूनच ते भ्याले. त्यांना दुष्ट म्हणून काय साधणार? रोग कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या येत नाही, हे त्यांना त्यांच्या विश्वासाच्या माणसाने बसवून सांगितलेले नव्हते. खेड्यात असा विश्वासाचा माणूस म्हणजे बहुधा गुरुजीच.

शिक्षकाने काय करावे? पहिली गोष्ट, कोणत्या मुलाला हा विषाणू आहे हे शोधू नये. ते शाळेला कळणे मुळी आवश्यकच नाही. कबड्डी खेळताना कुणाचेही ढोपर फुटले, तर रक्ताला उघडा हात न लावता हातमोजा किंवा स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळून जखम धुवावी, बांधावी आणि हात साबणाने धुवावेत. हा नियम सर्व मुलांसाठी एकच ठेवावा. म्हणजे कुणी वेगळा पडत नाही. दुसरी गोष्ट, पालकाने विश्वासाने काही सांगितलेच, तर ते शिक्षकांच्या खोलीतही बोलू नये. तिसरी गोष्ट, ते मूल औषधासाठी महिन्यातून एक दिवस गैरहजर राहिले, तर वर्गात सर्वांदेखत कारण विचारू नये. आणि चौथी गोष्ट, नववी-दहावीच्या मुलामुलींना या चार वाटा संकोच न धरता समजावून द्याव्यात. मास्तर लाजले, की मुले ते ज्ञान दुसरीकडून घेतात आणि तिथे बहुधा अर्धवटच मिळते.

हे केवळ चांगुलपणाचे काम आहे असेही नाही. २०१७ साली संसदेने एचआयव्ही आणि एड्ससंबंधी कायदा केला. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. या विषाणूमुळे कुणाला शाळेतून काढणे, नोकरीवरून कमी करणे, दवाखान्यात उपचार नाकारणे, भाड्याची खोली सोडायला लावणे, हे या कायद्याने मना आहे. संमतीवाचून कुणाची तपासणी करता येत नाही आणि तिचा निकाल संमतीवाचून दुसऱ्याला सांगता येत नाही. अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरविणाऱ्यास तीन महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पारावर बसून एखाद्याच्या घराविषयी कुजबुजणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार सुमारे पंचवीस लाख लोक या विषाणूसह जगत आहेत. हजार प्रौढ माणसे धरली, तर त्यांत दोन. संख्या घाबरून जावे एवढी मोठी नाही. दुर्लक्ष करावे एवढी लहानही नाही.

तर मग करावयाचे काय? ज्याच्या मनात शंका आहे, त्याने तपासणी करून घ्यावी. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ती होते. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते आणि आधी व नंतर समुपदेशक एकांतात बोलतो. पहिल्या तपासणीत काही निघाले, तरी निरनिराळ्या चाचण्यांनी खात्री केल्यावाचून निकाल देत नाहीत. धोक्याचा प्रसंग अगदी अलीकडचा असेल, तर विषाणू लगेच तपासणीत दिसत नाही. अशा वेळी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. धोक्याचा प्रसंग घडून बहात्तर तास झालेले नसतील, तर तडक मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. लागण टाळण्यासाठी अठ्ठावीस दिवसांचे औषध असते. "मुळासकट बरा करतो" म्हणणाऱ्या जडीबुटीवाल्याच्या नादी लागून गोळी सोडू नये. परगावी असताना निरोधाचा वापर करावा. यात लाजण्यासारखे काय आहे?

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्रात जाऊन सांगावे, "आम्ही अमुक जिल्ह्यात चाललो आहोत." प्रकृती स्थिर असलेल्याला एकदम काही महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांतही अशी केंद्रे आहेत. आपले उपचाराचे पुस्तक जवळ असले, म्हणजे तिथेही औषध मिळण्याची व्यवस्था होऊ शकते. खोकला कितीही दिवसांचा असला, तरी क्षयरोगाची तपासणी करावी. कारण या रुग्णांना त्याचा धोका सर्वांत अधिक.

आणि मुकादमांना व टोळीतल्या माणसांना एक विनंती. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याला आपण "जेवलात का, गोळी घेतलीत का?" असे सहज विचारतो. कोपीत कुणी गोळी घेताना दिसला, तर कसली म्हणून खोदून विचारू नका. पाण्याचा तांब्या पुढे करा, तेवढे पुरे. त्या माणसाचे अर्धे औषध सरकारने दवाखान्यात ठेवले आहे. उरलेले अर्धे आपल्या वागण्यात आहे.

अधिक माहिती कुणालाही, नाव न सांगता, १०९७ या क्रमांकावर मोफत विचारता येते. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावा, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.